किशोरवयातलं जोखमीचं वर्तन आणि स्पीच थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोखीम घटकांचं संशोधन स्पीच थेरपिस्टनं कशाला वाचायचं? ते समुपदेशकांचं काम ना?

शाळेतून येणारी तक्रार बहुतेक वेळा वर्तनाची असते. उलट उत्तरं देतो, तास बुडवतो, मारामारी करतो, घरी कुणाशी धड बोलत नाही. अशा मुलाला आधी शिक्षा होते, मग समुपदेशन सुरू होतं, आणि भाषेची तपासणी झालीच तर सगळ्यात शेवटी. या मुलांमध्ये भाषेच्या अडचणींचं प्रमाण फार मोठं आहे हे संशोधनात गेली कित्येक दशकं दिसतंय. आपल्या व्यवसायात हीच गफलत उलट्या बाजूनं होते. भाषेसाठी आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची वाक्यं मोजली जातात. तिला मैत्रिणी आहेत का, तिला कुणी छळतं का, रात्री झोप लागते का, हे विचारायचं राहून जातं.

एखादं मूल पुढे काय करेल हे या संशोधनावरून सांगता येत नाही. कुठे बघायचं आणि काय विचारायचं, हे मात्र त्यातून उत्तम कळतं. खालची बहुतेक उत्तरं या एका मुद्द्यावर उभी आहेत.

जोखीम घटक म्हणजे नक्की काय?

जी गोष्ट असली की पुढे एखादा त्रास होण्याची शक्यता वाढते, ती. वाढते ती गटाच्या पातळीवर, हे विसरायचं नाही. डेव्हिड हॉकिन्स, रिचर्ड कॅटलानो आणि जॅनेट मिलर यांनी 1992 साली किशोरांमधल्या दारू आणि अमली पदार्थांच्या वापरावर एक आढावा लिहिला. तो आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यातली यादी पाहिली तर शाळेतलं अपयश, शाळेबद्दल आस्था नसणं, बरोबरीच्या मुलांनी झिडकारणं, घरातली भांडणं, लहानपणापासून टिकून राहिलेलं त्रासदायक वर्तन अशा गोष्टी दिसतात. भाषा या यादीत वेगळी लिहिलेली नाही. पण वाचताना आपल्यातल्या कुणालाही जाणवेल की यातले निम्मे घटक भाषेच्या वाटेनं जातात. जो धडा समजत नाही त्यात नापास होणं, ज्या विनोदाचा अर्थ लागत नाही त्यावर उशिरा हसणं आणि मग गटाबाहेर पडणं, घरच्या वादात शब्द न सापडल्यामुळे दार आपटणं.

आकडे काय म्हणतात?

आधी पाया. दुसरं कुठलंही ठळक कारण नसताना भाषा शिकण्यात टिकाऊ अडचण येणं, म्हणजे विकासात्मक भाषा विकार, साधारण 7 टक्के मुलांमध्ये आढळतो. एका भरल्या वर्गात दोन-तीन मुलं.

कॅनडातल्या ओटावा भागात जोसेफ बाइचमन यांच्या गटानं 1982 मध्ये पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. वाचेची (म्हणजे उच्चारांची) किंवा भाषेची अडचण असलेली 142 आणि तुलनेसाठी तेवढीच इतर मुलं त्यात होती. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा पाहिलं तेव्हा भाषेची अडचण असलेल्यांमध्ये चिंताविकार जास्त होते, त्यातही लोकांमध्ये वावरण्याची भीती ठळक होती. मुलग्यांमध्ये समाजविरोधी वर्तनाचं प्रमाणही वाढलेलं होतं.

यू आणि ओ'कर्नी यांनी 2013 मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. भावनिक त्रास, वर्तनाच्या समस्या आणि अवधानाच्या अडचणी गंभीर पातळीला जाण्याची शक्यता भाषेची अडचण असलेल्या मुलांमध्ये अंदाजे दुप्पट निघाली.

उलट बाजूनंही बघता येतं. भावनिक आणि वर्तनाच्या समस्यांची नोंद झालेल्या, पण भाषेबद्दल कुणी कधी शंकाही न घेतलेल्या शाळकरी मुलांवरचे अभ्यास होलो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एकत्र केले. त्यातल्या सुमारे 81 टक्के मुलांची भाषा सरासरीच्या खाली निघाली. या आकड्यात सौम्य अडचणीही धरल्या आहेत, त्यामुळे तो वापरताना जरा हात आखडता घ्यावा. ऑस्ट्रेलियात पामेला स्नो आणि मार्टिन पॉवेल यांनी कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किशोरवयीन मुलग्यांची भाषा तपासली, तर जवळपास निम्म्यांमध्ये लक्षणीय अडचण होती, आणि त्यातल्या बहुतेकांचं निदान आधी झालेलंच नव्हतं.

म्हणजे भाषेची अडचण असलेलं मूल वाया जाण्याची भीती जास्त, असंच ना?

नाही, आणि पालकांसमोर हे वाक्य या शब्दांत कधीही येऊ देऊ नका. 'दुप्पट' हा शब्द कानाला भयंकर लागतो, म्हणून थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा एका मोठ्या शाळेत 1000 किशोर आहेत. त्यातल्या 70 जणांना भाषेची अडचण आहे. इतर 930 जणांपैकी दर शंभरी 10 जणांना वर्तनाची गंभीर समस्या आहे, म्हणजे 93. भाषेची अडचण असलेल्यांमध्ये हे प्रमाण दुप्पट धरलं तर शंभरी 20, म्हणजे 70 पैकी 14. उरलेल्या 56 जणांना वर्तनाची गंभीर समस्या नाहीच.

याच गणितातून दुसरीही गोष्ट कळते. वर्तनाची समस्या असलेल्या एकूण 107 मुलांपैकी 93 जणांच्या भाषेत काहीच अडचण नाही. मग वर 81 टक्के कुठून आले? तो गट निवडून आलेला आहे. ज्यांचा त्रास इतका वाढला की शाळेला नोंद करावी लागली अशी ही मुलं, त्यात अडचणीची व्याख्याही सैल. तुमच्याकडे येणारी मुलं त्या निवडलेल्या गटासारखी असतात, अख्ख्या शाळेसारखी नसतात. म्हणून दवाखान्यातल्या अनुभवावरून सगळ्या किशोरांबद्दल बोलू नये, आणि सगळ्या किशोरांच्या सरासरीवर विसंबून समोरच्या मुलाची तपासणी टाळू नये.

आधी काय येतं, भाषेची अडचण की वर्तनाची?

दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण सारख्या रुंद नाहीत. आयझॅक पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मुलांची वर्षानुवर्षं जमवलेली माहिती तपासली, तेव्हा आधीच्या भाषेवरून नंतरच्या वर्तनाचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. उलट दिशेचा दुवा कमजोर होता. मुलं मनातल्या मनात स्वतःशी बोलून स्वतःला आवरतात, ती सोय भाषेवर चालते, हे त्यामागचं एक मान्य स्पष्टीकरण. शिवाय दोन्हींना खतपाणी घालणारी तिसरीच गोष्ट असू शकते: दुर्लक्ष, घरातला हिंसाचार, डोक्याला झालेली दुखापत, न ओळखलेली श्रवणाची अडचण. म्हणून इतिहास विचारताना डोक्याला मार आणि कान हे दोन प्रश्न कधीच गाळू नका. पडून बेशुद्ध झाल्याची घटना घरचे 'त्यात काय, बरा झाला' म्हणून सांगायची विसरतात.

किशोरवयात थोडी बंडखोरी सगळेच करतात. तिचं काय?

करतात. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलेली विभागणी इथे कामाची आहे. बहुतेकांचं नियम मोडणं किशोरवयात सुरू होतं आणि त्याच वयाबरोबर ओसरतं. एका लहान गटाचं मात्र बालपणापासून सुरू असतं आणि पुढेही टिकतं, आणि शाब्दिक क्षमतेतल्या उणिवा त्या गटाशी जोडलेल्या दिसतात. त्यामुळे पालकांना विचारायचा पहिला प्रश्न असा: हे कधीपासून आहे? पंधराव्या वर्षी अचानक सुरू झालेली चिडचिड आणि बालवाडीपासूनचे चावे-बुक्के यांची तपासणी एकाच पद्धतीनं करायची नसते.

फक्त उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलांनाही हाच धोका आहे का?

ओटावाच्या अभ्यासात फक्त वाचेची अडचण असलेली मुलं मोठेपणी तुलनेच्या गटाच्या जवळपासच होती. धोका मुख्यतः भाषेच्या बाजूला दिसतो. अस्पष्ट उच्चारांमुळे होणारी चेष्टा खरीच, ती वेगळी विचारा.

आणि अडखळत बोलणाऱ्यांना?

इथे चित्र निराळं आहे. अडखळणाऱ्या किशोरांची भाषा बहुतेकदा शाबूत असते. प्रश्न असतो छळाचा आणि त्यातून येणाऱ्या टाळाटाळीचा: वर्गात उत्तर येत असूनही गप्प राहणं, तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखणं, फोन न उचलणं. हे आळस किंवा बेपर्वाई म्हणून नोंदवलं जातं. ओघ किती सुधारला हे मोजताना त्यानं या महिन्यात काय काय टाळलं हेही विचारलंत, तर मोजमाप खऱ्या अर्थानं पूर्ण होईल.

ही मुलं इतकी वर्षं निसटतात कशी?

कारण ती बोलतात. गप्पा मारतात, शिव्या देतात, क्रिकेटवर वाद घालतात. रोजच्या बोलण्यात संदर्भ समोर असतो आणि वाक्यं छोटी चालतात. अडचण येते ती समोर नसलेल्या गोष्टीबद्दल सलग बोलायची वेळ आली की.

मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. 'काय झालं ते पहिल्यापासून नीट सांग.' या एका वाक्यात केवढी मागणी आहे! घटना आठवायच्या, क्रमानं लावायच्या, कोण कुणाला काय म्हणालं ते वेगळं ठेवायचं, ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याचा अंदाज घ्यायचा, आणि हे सगळं घाबरलेल्या अवस्थेत. भाषेची अडचण असलेला मुलगा मधूनच सुरू करतो, 'तो', 'त्यानं' म्हणत राहतो, दुसऱ्यांदा विचारलं की तपशील बदलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, खोटं बोलतोय. मग तो खांदे उडवतो आणि 'माहीत नाही' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माजलाय. पोलिसांपुढे किंवा न्यायालयात हेच झालं तर त्याची किंमत फार मोठी असते. स्नो यांनी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे.

शिवाय 'उद्धट' ठरणं 'ढ' ठरण्यापेक्षा परवडतं. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांगितलं की तो काहीतरी आगाऊपणा करून वर्गाबाहेर जातो, आणि वाचन टळतं. वर्गाबाहेर काढण्याच्या नोंदी जमवून त्या कोणत्या कामाच्या आधी घडतात हे पाहिलं, तर कित्येकदा निम्मी तपासणी तिथेच होते.

मूल्यमापनात काय बदल करावा?

प्रमाणित चाचणी हवीच, पण ती शांत खोलीत, एकेक प्रश्न विचारून घेतली जाते, आणि या मुलांच्या अडचणी बरोबर त्याच वातावरणात झाकल्या जातात. म्हणून तिला जोड द्या. घडलेली घटना सांगायला लावा. एखाद्या खेळाचे नियम समजावून सांगायला लावा. 'वडील काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले' अशा वाक्यातून काय कळतं ते विचारा. टोमणा, म्हण, दुहेरी अर्थाचा विनोद घ्या. अनेक पायऱ्यांची सूचना द्या आणि ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. 'समजलं का?' हा प्रश्न विचारूच नका. उत्तर नेहमी 'हो' असतं.

मुलाच्या घरी बोलली जाणारी भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असेल तर दोन्हींत पाहा. विकार असेल तर तो दोन्हींत दिसतो. एकाच भाषेत दिसला तर ती बहुतेकदा सरावाची बाब असते.

वर्तनाची प्रश्नावली मुलानं स्वतः भरली. तिच्यावर विसंबायचं का?

हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. रॉबर्ट गुडमन यांची 'सामर्थ्य आणि अडचणी प्रश्नावली' घ्या. ती 1997 सालची आहे, जगभर वापरली जाते, 25 विधानांची आहे आणि तिची साधारण 11 वर्षांपासून पुढच्या मुलांनी स्वतः भरायची आवृत्तीही आहे. काम चोख. पण ती भरायला विधान वाचावं लागतं, गेल्या सहा महिन्यांत आपण कसे होतो ते आठवावं लागतं, आणि 'खरं नाही', 'काहीसं खरं', 'नक्कीच खरं' यांतून निवड करावी लागते. त्यात काही विधानं उलट्या दिशेची आहेत. हे सगळं भाषेचं काम आहे. भाषेची अडचण असलेली मुलं सगळीकडे मधल्या पर्यायावर खूण करतात किंवा शेजाऱ्याचं बघून भरतात, आणि त्याचा निष्कर्ष गंभीरपणे फाइलमध्ये जातो.

विधानं मोठ्यानं वाचून दाखवा, पर्याय चित्रांत किंवा पट्टीवर दाखवा, दोन-तीन उत्तरांनंतर 'असं शेवटचं कधी झालं होतं?' असं विचारून खात्री करा. कोणती मदत दिली ते अहवालात लिहा. पालक आणि शिक्षक यांच्या आवृत्त्याही घ्या. त्यांच्यातली तफावत ही चूक समजून पुसून टाकू नका, तीच बऱ्याचदा सर्वात बोलकी असते.

थेरपीची उद्दिष्टं या संशोधनावरून कशी ठरवायची?

जोखमीचा घटक घ्या आणि विचारा: याच्यातला भाषेचा भाग कोणता? तेवढाच भाग आपला.

सोबत्यांच्या दबावाचं उदाहरण पाहू. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकट्यानं आणि मित्रांसमोर खेळवलं. मित्र समोर असताना धोका पत्करणं वाढलं, आणि ते किशोरांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त वाढलं. म्हणजे 'धोके कोणते' याची माहिती असणं पुरत नाही, कारण ती माहिती मित्रांसमोर, घाईत आणि हशा चालू असताना वापरायची असते. आपल्या खोलीत शांतपणे 'नको, मला हे योग्य वाटत नाही' असं म्हणवून घेण्याचा उपयोग शून्य. तसं वाक्य कुठलाही किशोर मित्रांसमोर म्हणणार नाही. त्याच्या तोंडी बसणारं, छोटं, हसण्यावारी नेता येईल असं वाक्य त्यालाच शोधू द्या आणि गटात, गोंधळात, वेगानं सराव करा. थेरपिस्टनं सुचवलेली वाक्यं हमखास फसतात.

भावनांचे शब्द हा दुसरा भाग. कित्येकांकडे 'राग' हा एकच शब्द असतो. अपमान वाटला, धास्ती वाटली, ओशाळलो, हेवा वाटला, एकटं पडलो, या सगळ्याला राग. वेगळं नाव नसलेल्या भावनेवर वेगळा उपायही सुचत नाही. शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा गेल्या आठवड्यातला खरा प्रसंग घ्यावा आणि त्यात कोणता शब्द बसतो यावर वाद घालू द्यावा.

तिसरा भाग म्हणजे फोनवरचं लिहिणं. ग्रुपवरच्या संदेशात स्वर ऐकू येत नाही, त्यामुळे टोमणा आणि शिवी यांतला फरक मजकुरावरूनच ओळखावा लागतो. 'हा संदेश कुठल्या सुरात आहे?', 'यावर काहीच न लिहिणं म्हणजे काय होईल?', 'फोटो पाठव म्हटल्यावर वेळ कसा काढायचा?' हे विषय शब्दसंग्रहाच्या तक्त्यापेक्षा त्याच्या आयुष्याला जवळचे आहेत.

घटना क्रमानं सांगणं आणि 'मला समजलं नाही, परत सांगा' म्हणता येणं, ही दोन उद्दिष्टं माझ्या मते जवळजवळ प्रत्येक योजनेत असावीत.

समुपदेशन आधीच चालू आहे. मग आपली भूमिका काय?

समुपदेशनातली भाषा त्याच्या आवाक्यात आणणं. विचार, भावना आणि कृती यांचा संबंध जोडणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारांत 'जर-तर'ची वाक्यं आणि 'त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल असं मला वाटलं' अशी एकात एक अडकलेली वाक्यं सतत येतात. ती न समजणारा मुलगा मान डोलावत राहतो आणि 'उपचारांना प्रतिसाद नाही' असा शेरा मिळवतो. समुपदेशकांसोबत बसून वाक्यं तोडा, चित्रं किंवा कालरेषा वापरायला सुचवा, उत्तरासाठी थांबायची वेळ वाढवा. शाळा मुलाकडून वर्तनाच्या हमीपत्रावर सही घेत असेल तर त्यातले 'अट', 'परिणाम', 'पुनरावृत्ती' हे शब्द त्याला कळतात का ते आधी तपासा.

मानसिक आजाराचं निदान आणि मानसोपचार हे आपलं क्षेत्र नाही. तो मोह टाळावा.

सत्रात त्यानं नशेबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल सांगितलं तर?

याची तयारी पहिल्या सत्रातच करायची. कोणती गोष्ट आपल्या दोघांत राहील आणि कोणती मला दुसऱ्यांना सांगावीच लागेल, हे सोप्या वाक्यांत सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. गोपनीयतेची मर्यादा न समजलेल्या मुलाला नंतर फसवलं गेल्यासारखं वाटतं.

जिवाला धोका असल्याची शंका आली तर स्पष्ट विचारा. विचारल्यानं डोक्यात तो विचार शिरेल ही भीती निराधार आहे. मॅडेलिन गूल्ड यांच्या गटानं न्यूयॉर्क राज्यातल्या माध्यमिक शाळांतल्या 2,342 विद्यार्थ्यांवर केलेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारलेल्यांमध्ये अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. भाषेची अडचण असलेल्या मुलाला आडवळणाचा प्रश्न कळत नाही, म्हणून 'मरून जावंसं वाटतं का?' असं सरळ विचारावं. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी पालक व मानसिक आरोग्यतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचा. पालकांपासूनच धोका असेल तर बालसंरक्षणाच्या कायदेशीर वाटेनं जा.

संरक्षक घटकांबद्दल फारसं ऐकू येत नाही.

खरं आहे, जोखीम मोजण्यातच सगळ्यांचा वेळ जातो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर भाषा अभ्यासात जीना कॉन्टी-रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी भाषेची अडचण असलेल्या मुलांचा सातव्या वर्षापासून पाठपुरावा केला. सोळाव्या वर्षी त्यांच्यातल्या सुमारे 60 टक्के मुलांची मैत्री चांगल्या दर्जाची होती. म्हणून मूल्यमापनात एक मित्र, शाळेतली एक विश्वासाची मोठी व्यक्ती आणि जिथे कमी बोलून चमकता येतं अशी एक जागा, मग तो खेळ असो, वाद्य असो की यंत्रदुरुस्ती, या तीन गोष्टी शोधा. शिक्षा म्हणून खेळाचा तास बंद करणाऱ्या शाळेशी यावर भांडायला हरकत नाही.

थेरपी दिली की जोखीम कमी होते, असं सिद्ध झालंय का?

किशोरवयातही भाषा सुधारते याला आधार आहे. शब्दसंग्रह आणि गोष्ट सांगणं यांवर नेमकं काम केलं की ती कौशल्यं वाढतात. त्यातून पुढची व्यसनं किंवा गुन्हे टळतात, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. निधी मागताना हे दुसरं वाक्य ठोकून द्यायचा मोह होतो. देऊ नका.

मुलगा यायलाच तयार नाही.

साहजिक आहे. त्याच्या लेखी ही आणखी एक शिक्षा आहे. 'तुला कुठलं संभाषण सोपं झालेलं हवंय?' इथून सुरुवात करा. उत्तर कामाची मुलाखत, आवडणारी मुलगी किंवा वडिलांशी होणारं भांडण असं काहीही असू शकतं, आणि त्यातून वर सांगितलेली बहुतेक उद्दिष्टं गाठता येतात. लहान मुलांची चित्रं असलेली सामग्री टेबलावरून आधीच उचलून ठेवा.

अहवालात हे सगळं कसं लिहायचं?

भाकीत लिहू नका. 'गुन्हेगारी वर्तनाचा धोका' हे शब्द फाइलमध्ये एकदा गेले की मुलाच्या आधी त्याच्या पुढच्या शाळेत पोचतात. अडचण आणि तिच्यावरचा उपाय शेजारी-शेजारी लिहा: 'लांब तोंडी सूचना पूर्ण समजत नाहीत, त्या वेळी तो गप्प बसतो किंवा विषय बदलतो, ते नकार म्हणून घेऊ नये. सूचना एकेक करून द्याव्यात. चौकशीच्या वेळी घटना सांगायला वेळ आणि कालरेषा द्यावी.' आणि पाठवण्याआधी अहवाल त्या मुलाला वाचून दाखवा. त्याला न पटलेलं वाक्य तो दाखवेल, आणि ते बदलायचं की नाही यावर तिथेच बोलता येईल.